हिरव्या गाडीचा हार

आमचे सहादू दाजी उभ्या आयुष्यात मोटारीच्या मागच्या गादीवर एकदाच बसले. नाशकातल्या निम्म्या नवरदेवांच्या गाड्या त्यांनी सजवल्या असतील, पण 'सहादू, ये, बस जरा' असं त्यांना कधी कुणी म्हटलं नाही. फुलांच्या पाट्या सायकलला बांधायच्या आणि मखमलाबादहून उजाडायच्या आत सराफ बाजारातला फुलबाजार गाठायचा, एवढाच त्यांचा प्रवास. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, सुलाअक्काचे, यजमान. मी कला. नगरपालिकेच्या शाळेत मास्तरीण होते, पंचवटीत एकटी राहायचे. लग्न केलं नाही आणि जीभ कधी आवरली नाही. त्यामुळे दाजींबद्दल गोड गोड काही ऐकायला मिळेल, अशी कुणी अपेक्षा करू नये.

माणूस बुटका, सावळा, बोलायला कमी. बोटांच्या पेरांवर झेंडूचा पिवळा रंग कायमचा बसलेला. अक्का म्हणायची, यांनी कालवलेल्या भातालासुद्धा झेंडूचा वास येतो. मळा लहानच होता, पण गुलाब, गुलछडी, झेंडू असं काही ना काही बारा महिने फुललेलं असायचं. हार ओवायला दाजी त्यांच्या आईकडून, फुलाबाईकडून, शिकले होते. आणि फुलाबाईचे दोन नियम त्यांनी असे पाळले की सरकारी कायदा काय पाळील कुणी.

पहिला नियम गाठीचा. जिवंत माणसाच्या हाराची दोन टोकं एकत्र आणायची, दुहेरी गाठ मारायची आणि ओल्या अंगठ्यानं दाबायची. मयताच्या हाराला मात्र गाठ नाही. टोकं मोकळी सोडायची आणि हार छातीवर नुसता आडवा ठेवायचा. जाणाऱ्याला अडकवून ठेवू नये, असं म्हातारी सांगायची. दुसरा नियम वाहनाचा. सजवलेली बैलगाडी असो की मोटार, ती रिकामी परत धाडायची नाही. फुलं लावली म्हणजे बोलावणं झालं, मग बसायला कुणीतरी पाहिजेच.

या दुसऱ्या नियमापायी माझी काय शोभा झाली ते सांगते. आडगावला एका लग्नात मानपानावरून भांडण झालं आणि वऱ्हाड नवरीसकट भाड्याच्या जीपमध्ये बसून निघून गेलं. फुलांनी मढवलेली अँबॅसडर दारात तशीच उभी. दाजींनी काही एक न ऐकता मला तिच्यात बसवलं. मी चाळिशीला टेकलेली बाई, मांडीवर पिशवी घेऊन, गुलाबाच्या माळांआडून पंचवटी कारंजावरून चालले आहे. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी विचारलं, 'बाई, पेढे कधी?' आठ दिवस मी दाजींशी बोलले नाही. ते अक्काला म्हणाले, 'आसू दे. गाडी रिकामी नाय गेली ना?'

त्यांना मूल उशिरा झालं. सप्तशृंगीच्या गडावर नवस बोलले होते, म्हणून मुलीचं नाव नवसाबाई. आम्ही नवसू म्हणायचो. दाजींचा सगळा जीव त्या पोरीत.

आणि मग त्या जिवात आणखी एकीनं वाटा मागितला.

सत्त्याहत्तर सालच्या हिवाळ्यात मोटारींच्या हौशी लोकांनी गोल्फ क्लबच्या मैदानावर जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरवलं. प्रत्येक गाडीला झेंडूचा हार, असं दाजींना काम मिळालं. रविवार होता म्हणून अक्का, मी आणि बारा वर्षांची नवसू बघायला गेलो. साहेबलोकांच्या काळातल्या गाड्या, पितळी भोंगे, परातीएवढी चाकं. मला त्यात काही रस नव्हता. दाजी एकेका गाडीला हार घालत पुढे चालले होते. अगदी टोकाला, कडुलिंबाखाली एक गाडी एकटीच उभी होती, तिथं पोचले आणि हातात हार धरून नुसतेच उभे राहिले.

गाडी बाटलीसारखी हिरवी होती. इतकी चकचकीत की कडुलिंबाचं पान न् पान तिच्यात दिसत होतं. नाव इंग्रजी होतं, ते दाजींना कधी म्हणता आलं नाही आणि मला म्हणायची गरज वाटली नाही. आम्ही सगळे तिला हिरवी म्हणायला लागलो. काचेला आतून पुठ्ठ्याची पाटी लावली होती, 'विकणे आहे'. शेजारी स्टुलावर तिचा जुना ड्रायव्हर बसला होता. खंडेराव त्याचं नाव. धुऊन धुऊन पिवळा पडलेला गणवेश, पण पितळी बटणं घासलेली. देवळाली कॅम्पातले त्याचे साहेब वारले होते, बाईसाहेब मुंबईला मुलाकडे गेल्या होत्या, आणि गाडी विकली जाईपर्यंत शेडमध्ये तिची राखण करायची एवढंच काम खंडेरावला उरलं होतं.

लोक येत होते, मागचं दार उघडून आत डोकावत होते. त्या दाराचं कुलूप मोडून वर्षं झाली होती, खटकाही सैल. शेंबडी पोरं एका बोटानं दार उघडत होती. नवसूनंही दाराला हात लावला, तसा दाजींनी तिचा हात धरला.

'आत्ता नाय. तुझ्या लग्नात बसशील. हिच्यातच बसवून धाडीन तुला.'

'आन् तुम्ही आबा?'

'मी मंग बसंन. आधी तू.'

मला हसू आलं. सायकलची ट्यूब बदलायची तर दोन बाजार थांबणारा माणूस!

आतल्या गादीला पांढरी खोळ होती. डाव्या कडेला तिच्यात खळगा पडला होता, आत्ता कुणी उठून गेल्यासारखा. गबाळेपणा मला सहन होत नाही. मी खंडेरावला म्हटलं, 'अहो, विकायला आणलीय ना? मग खोळ तरी सारखी करा.' त्यानं मुकाट्यानं हात फिरवून ती सपाट केली. आम्ही गाडीला वळसा घालून परत आलो तर खळगा होता तिथंच होता. जुन्या स्प्रिंगा असतील, असं मी मनाशी म्हटलं.

दाजींनी बॉनेटवर हार घातला आणि दोन पावलं मागे होऊन बघत राहिले. माझं लक्ष टोकांकडे गेलं. दोन्ही टोकं मोकळी लोंबत होती.

'दाजी, गाठ राहिली तुमची.'

त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. 'मारली व्हती की.'

'कुठं मारली? बघा.'

त्यांनी पुन्हा मारली, अंगठा जिभेला लावून दाबली. उन्हं कलल्यावर गाड्या निघायच्या वेळी हार उतरवायला आम्ही गेलो. आपली फुलं लागलेली गाडी रिकामी जाऊ नये म्हणून दाजी हार काढूनच घेत. टोकं पुन्हा मोकळी होती. आणि एकही फूल खाली सांडलं नव्हतं. सुटलेल्या दोऱ्यावरून झेंडू घरंगळायला वेळ लागत नाही, हे मला त्यांच्याच घरात बसून ठाऊक झालेलं. दाजींनी तो हार गंगेत, म्हणजे आमच्या गोदावरीत, सोडला.

त्या दिवसापासून त्यांना त्या गाडीचं वेड लागलं. विकत घ्यायची ऐपत नव्हती, हे काय सांगायला पाहिजे? पण ऐपत नसली की इच्छा होत नाही, असं थोडंच आहे. सवड मिळाली की सायकल काढायची आणि थेट देवळाली कॅम्प गाठायचा. शेडमध्ये खंडेरावबरोबर चहा प्यायचा, गाडी पुसायची आणि परत यायचं. एवढी वर्षं गेले, पण आत म्हणून बसले नाहीत. आधी नवसू, मग आपण. अक्का वैतागून म्हणायची, 'सवत आणली असती तर झिंज्या तरी धरता आल्या असत्या. हिचं काय धरू मी?'

प्रदर्शन दर हिवाळ्यात भरायला लागलं. प्रदर्शन जवळ आलं की दाजींची झोप उडायची. हिरवी आली असेल का, पाटी असेल का, कुणी नेली तर नाही? गडावर नारळ फोडायला जायचे ते पोरीच्या भल्यासाठी, असं अक्काला वाटायचं. मला त्यांनी एकदा खरं सांगितलं. 'कलाबाई, देवीला म्हनलं, नवसूच्या लग्नापोत हिला गिऱ्हाईक धाडू नको.' देवीनं ऐकलं म्हणायचं. दर वर्षी हिरवी कडुलिंबाखाली उभी असायची, पाटीसकट.

गिऱ्हाइकं येत नव्हती असं नाही. येत, बसून बघत, आणि गप्प उतरत. हुज्जत नाही, भाव नाही. ते कसे बसतात हे एके वर्षी माझ्या ध्यानात आलं. एवढी ऐसपैस गादी, आणि जो तो बसे तो उजव्या दाराला चिकटून, अंग चोरून. नाशिकरोडचा एक धिप्पाड ठेकेदार होता, तोही तसाच कोपऱ्यात बसला. मी जन्मभर बाकांवरची पोरं पाहिली आहेत. बाक रिकामा असला तर पोर मधोमध पसरतं. कडेला सरकून बसतं ते शेजारी कुणी असलं तरच. ठेकेदार उतरला, दंड चोळत निघून गेला. मी दाजींना काही बोलले नाही. काय बोलणार होते? शिकलेली बाई होते मी.

आणि हाराचं तेच. दर वर्षी गाठ मारायची, दर वर्षी सुटायची. ऊन लागलं, दोरा वाळला, असं दाजी काहीबाही म्हणत. एक्क्याऐंशी साली मला राग आला. शाळेत पंधरा ऑगस्टला झेंड्याची गाठ मीच बांधायचे, वाऱ्यात कधी सुटली नाही. मी म्हटलं, व्हा बाजूला. हिरवीच्या हाराला मी स्वतः गाठ मारली, एकावर एक, आणि स्टूल मागून घेऊन समोर बसले. बघू कोण सोडतंय ते. दुपारभर नजर हलवली नाही. अक्कानं मागून हाक मारली, मी 'ओ' म्हणून मान वळवली, पुन्हा पाहिलं तर टोकं मोकळी. अगदी अलगद, एखादीनं वेणीची रिबन सोडावी तशी. माझ्या अंगावर काटा आला. भर दुपारी, आजूबाजूला एवढी माणसं असताना.

'दोरा वाईट आहे,' मी म्हटलं.

'व्हय,' दाजी म्हणाले. 'दोराच वाईट.' आम्ही दोघंही एकमेकांकडे बघत नव्हतो.

नवसू लग्नाची झाली तेव्हा दाजींनी स्थळं बघायची एक नवी रीत काढली. मुलगा काय करतो हे नंतर. आधी विचारायचं, 'घरापोत डांबर हाय का?' पेठ रोडला एक चांगलं बागायतदार स्थळ आलं होतं. रस्ता दगडगोट्यांचा, हिरवीला सोसायचा नाही, म्हणून नको म्हणाले. मी त्या दिवशी त्यांना अशी फैलावर घेतली की शेजारच्या बाया गोळा झाल्या. 'पोरीला नवरा बघताय की गाडीला?' दाजी मान खाली घालून हार ओवत राहिले. मग म्हणाले, 'कलाबाई, जल्मभर लोकांच्या पोरी सजवून धाडल्या. माझी येकच हाय.'

शेवटी एकलहऱ्याचं स्थळ जमलं. मुलगा निवृत्ती, वीज केंद्रात नोकरीला, राहायला तिथल्याच कॉलनीत. माणसं साधी आणि रस्ता दारापर्यंत डांबरी. त्र्याऐंशीच्या वैशाखातली तारीख धरली. दाजी देवळालीला धावले. विकत नाही तर नाही, एक दिवसासाठी द्या. खंडेरावनं म्हणे आधी गाडीवरून फडकं फिरवलं. मग म्हणाला, 'नेतो मी. पण तिला फुलं लावू नका.' दाजी हसले. फुलवाल्याची पोर बिनफुलाच्या गाडीतून सासरी जाईल? घरी येऊन त्यांनी ती गोष्ट गंमत म्हणून सांगितली, आणि आम्ही सगळे हसलो. बिनफुलांची गाडी म्हणजे आमच्या घरात बिनमिठाची भाजी.

लग्न दारातल्या मांडवात झालं. जेवणावळी उरकत होत्या तेव्हा हिरवी आली. सगळं मखमलाबाद बघायला लोटलं. दाजींनी नवा सदरा अंगात असतानाच बाह्या मागे सारल्या आणि कामाला लागले. टपावर गुलछडीच्या माळा, दारांना गुलाब, सगळी फुलं स्वतःच्या मळ्यातली. असं काम त्यांनी कुणाचं केलं नव्हतं. बॉनेटवरचा मोठा हार शेवटी ठेवला होता. उन्हं उतरायला लागली, पाठवणीची वेळ झाली, रडारड सुरू झाली. पिवळ्या शालूतली नवसू अक्काच्या गळ्यात पडून मोकळी झाली आणि गाडीकडे आली. मागे वऱ्हाडाची बस उभी होती.

दाजींनी बॉनेटवर हार घातला. टोकं जुळवली, गाठ मारली, ओल्या अंगठ्यानं दाबली आणि हात काढला. मी आणि अक्का हाताच्या अंतरावर उभ्या होतो. गाठ आमच्या डोळ्यांदेखत सैल झाली आणि दोन्ही टोकं वेगळी होऊन खाली आली. दाजींनी पुन्हा बांधली. पुन्हा सुटली. तिसऱ्यांदा बांधली आणि दोन्ही मुठींत घट्ट आवळून धरली. मुठींतून टोकं निसटताना मला दिसली. दाजींच्या कपाळावर घाम तरारला होता.

मग त्यांनी काचेतून आत पाहिलं. मीही पाहिलं. लग्नासाठी म्हणून खंडेरावनं गादीला कोरी खोळ घातली होती, आणि त्या दिवशी तिच्यावर अजून कुणी बसलेलं नव्हतं. डाव्या कडेला खळगा होता. उजवीकडची जागा सपाट, स्वच्छ, मोकळी ठेवलेली.

खंडेरावनं दार उघडलं. नवसूनं पदर सावरला, पाय उचलला. दाजींनी दार धाडकन लावून टाकलं.

'नवसू या गाडीत बसायची नाय.'

मांडवात एकच गलका झाला. नवरदेवाचे चुलते, झिपरू त्यांचं नाव, तापट माणूस. ते पुढे आले. 'सोयरिक ठरल्यापासून गाडी गाडी ऐकतोय आमी! आन् आता पोर बशीत घालता? आमची काय इज्जत हाय का नाय?' नवसू रडायची थांबून बापाकडे बघत राहिली. लहानपणापासून जिला त्या गाडीची आस लावली, तिच्या तोंडापुढून घास काढल्यासारखं झालं. दाजींनी चुलत्यांपुढे हात जोडले, डोक्यावरची टोपी काढून त्यांच्या पायाशी ठेवली, आणि पोरीचा दंड धरून तिला बसमध्ये चढवलं, ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर. खिडकीतून तिच्या गालावरून हात फिरवला. बस हलली. तिनं बापाकडे पाहिलंसुद्धा नाही.

मी सहा वर्षं त्या गाडीच्या नावानं खडे फोडले होते. त्या वेळी मात्र मला फक्त भीती वाटत होती. मी म्हटलं, 'दाजी, काढा ती फुलं. जाऊ दे गाडी रिकामी.'

'ही पाठवनीची फुलं लागली, कलाबाई. परदर्शनातल्यावानी काढून नाय भागायचं. बोलावनं झालं.'

'मग मी बसते. बसवलं होतं ना मागे एकदा?'

ते हसले. 'तुम्ही नाय. जीव माझा आडकलाय तिच्यात. तुमचा नाय.'

अक्का त्यांच्या हाताला लोंबकळली. त्यांनी तिला हळूच बाजूला केलं, म्हणाले, 'आगं, देवळालीपोत जातो आन् शेवटच्या यष्टीनं येतो.' मग रांजणावर जाऊन पाय धुतले, धोतराच्या सोग्यानं पुसले, वहाणा मांडवात ठेवल्या, आणि अनवाणी आत जाऊन उजव्या बाजूला बसले. अंग चोरून नाही. चांगले पाठ टेकून, ऐसपैस. काचेतून आमच्याकडे पाहिलं. त्यांना इतकं खूश मी कधीच पाहिलं नव्हतं. नवसू झाली तेव्हाही नाही. तो चेहरा आठवला की मला अजून त्यांचा राग येतो आणि रडूही येतं.

दिवेलागणीला गावातल्या किराणा दुकानात फोन आला. देवळालीच्या शेडमध्ये खंडेरावनं मागचं दार उघडलं, तर दाजी बसलेलेच होते. उतरले नाहीत. डॉक्टर हृदय म्हणाले. माणसाला कधी साधी सर्दी झाली नव्हती.

दाजींना घरी आणलं, तेव्हा खंडेराव बरोबर आला होता. त्यानं सांगितलं ते असं. दाजी म्हणाले, मैदानावरून ने. मग म्हणाले, गंगेवरून ने. नाशिकरोडला वऱ्हाडाची बस नारळ फोडायला थांबली होती, तिथं त्यांनी काचेतून हात केला. तेवढ्यात नवसूनं पाहिलं आणि तिनंही हात केला. गाडी पुढे निघाल्यावर दाजी म्हणाले, 'माझी पोर गेली नीट. आता चल, बाई.' मग बोलले नाहीत. गाडीत बाई कुठली, असं खंडेरावनं विचारलं नाही. आणि मांडवात तीनदा सुटलेली हाराची गाठ आता, कुणी न बांधता, पक्की बसली होती, इतकी की खंडेरावला ती ब्लेडनं कापावी लागली.

'तुम्हाला सगळं ठाऊक होतं,' मी त्याच्यावर ओरडले. 'मग गाडी आणलीत कशाला?'

म्हातारा भिंतीला टेकून खाली बसला. 'साहेबांची मुलगी होती, बाई. एकुलती. याच गाडीतून लग्नाला निघाली, फुलांनी मढवलेल्या. मांडवाच्या दारात मी दार उघडलं, तर ती उतरली नाही. तेव्हापासून साहेबांनी फुलं बंद केली. यांनी दर साली हार घातला, काही झालं नाही, म्हणून मला वाटलं, आता निवलं असेल. मला नाही म्हणवलं नाही हो. एवढ्या वर्षांत शेडमध्ये दुसरं कुणी यायचंच नाही.'

दाजींचा हार अक्कानं ओवला. टोकं मोकळी सोडली आणि छातीवर आडवा ठेवला.

पुढच्या हिवाळ्यात नवसू माझ्याकडे आली. दिवस गेले होते, पोट दिसायला लागलं होतं. म्हणाली, 'मावशे, मैदानावर चल.' मी नको नको म्हटलं. पण तीही दाजींचीच पोर. हातात झेंडूचा हार होता, बापासारखाच ओवून गाठ मारलेला. मी तो काढून घेतला आणि माझ्या पिशवीत कोंबला. तिला म्हटलं, बघायचं तर लांबून बघ.

हिरवी कडुलिंबाखाली उभी होती. पाटी होती. खंडेराव स्टुलावर होता, खूप थकलेला. नवसू सरळ गाडीजवळ गेली आणि काचेला नाक लावून आत बघत राहिली. मग मला हाक मारली. गादीवर दोन खळगे होते. डावा जुना होता तसाच, आणि उजवा रुंद, पाठ टेकून बसल्यासारखा.

'मावशे, मी येकदा बसू? आबांनी तवा बसू दिलं नाय. येकदाच. मधी जागा हाय बघ.'

'नवसू, हात काढ तिथून!' मी अशी ओरडले की पलीकडची माणसं वळून बघायला लागली. पण तिनं दाराची मूठ धरली होती. तिच्या डोळ्यांत ते दाजींचंच वेड होतं, अगदी तेच. तिनं मूठ ओढली. दार उघडलं नाही. दोन्ही हातांनी ओढली. दार जागचं हललं नाही.

खंडेराव काठी टेकत आला. 'ताई, त्याला कुलूप नाही,' म्हणाला, आणि एका बोटानं दार उघडून दाखवलं. नवसू पुढे झाली, तोच त्याच्या हातून सुटून दार आपसूक बंद झालं. तिनं पुन्हा ओढलं. पाय गाडीला टेकवून ओढलं. आतून कुणीतरी घट्ट धरून ठेवल्यासारखं ते दार बसून राहिलं होतं.

नवसूच्या ध्यानात आलं तेव्हा तिचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येणार नाही. ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. लग्नाच्या दिवसापासून बापावरचा तिचा जो राग होता, तो तिथं त्या गाडीपाशी उतरला. उजव्या काचेवर तिनं तळवा टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

'बरं आबा,' ती म्हणाली. 'नाय बसत.'

मग आम्ही रिक्षा करून घरी आलो. पिशवीतला हार मी दुसऱ्या दिवशी सकाळी गंगेत सोडला. त्याची गाठ तशीच होती.